गूढ शब्दकोडं ऑनलाइन मिळून सोडवायचं, तर या क्रमाने

गूढ शब्दकोडं, म्हणजे ज्याच्या प्रत्येक वाक्यात सरळ अर्थाबरोबर अक्षरांचा खेळही दडलेला असतो असं शब्दकोडं, सोडवायला चार-पाच जण ग्रुपवर जमतात, कोड्याचा फोटो येऊन पडतो आणि लगेच उत्तरांचा पाऊस सुरू होतो. कोणी सात आडव्याचं उत्तर टाकतं, कोणी तीन उभ्याचं, कोणी "हे किंवा ते" म्हणून दोन पर्याय देतं. अर्ध्या तासाने चौकट निम्मी भरलेली असते, त्यात दोन-तीन उत्तरं चुकलेली असतात, आणि नेमकी कोणती चुकली ते कोणालाच सांगता येत नाही. कारण उत्तर कशावरून आलं हे कुठेच लिहिलेलं नसतं. मग बाकीचे शब्द अडतात आणि "कोडं फारच अवघड होतं" म्हणून सगळे उठून जातात.

बहुतेक वेळा अडचण कोड्यात नसते, काम करण्याच्या क्रमात असते. एकट्याने सोडवताना उत्तराची फोड डोक्यात असली तरी भागतं. गटात भागत नाही. म्हणून या लेखातलं बाकी काही विसरलात तरी एवढं पाळा: ज्या उत्तराची उकल लिहिलेली नाही, ते उत्तर चौकटीत पक्कं करायचं नाही.

पुढे वापरलेले शब्द असे. शोधसूत्र (किंवा नुसतं सूत्र) म्हणजे दिलेलं वाक्य. त्यात दोन गोष्टी असतात: उत्तराचा सरळ अर्थ सांगणारी *व्याख्या* आणि तेच उत्तर अक्षरांच्या खटपटीतून देणारी *कारागिरी*. कारागिरी कोणत्या प्रकारची आहे हे सुचवणारा शब्द म्हणजे *खूण*. हे सगळं कसं जुळलं ते लिहून दाखवणं म्हणजे *उकल*. कंसातला आकडा म्हणजे उत्तरातली अक्षरं.

## टप्पा १: फोटो टाकण्याआधी ठरवायच्या गोष्टी

हेतू ठरवा. लवकरात लवकर चौकट भरायची आहे, की प्रत्येकाला सूत्र फोडण्याचा आनंद मिळायला हवा? या दोन्हींचे नियम वेगळे. पहिल्यात उत्तर सुचलं की लगेच मांडायचं. दुसऱ्यात आधी फक्त "नऊ उभं सुटलं" एवढंच सांगायचं आणि ठरलेल्या वेळी उत्तर उघडायचं. टेलिग्रामवर किंवा डिस्कॉर्डवर उत्तराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा दिल्या की ते झाकलेलं दिसतं, टिचकी मारणाऱ्यालाच उघडतं. व्हॉट्सअ‍ॅपवर सरळ "उत्तरं फक्त तक्त्यात, ग्रुपवर नाहीत" असा नियम करा.

अक्षराचा हिशेब ठरवा. मराठी कोड्यात हा सगळ्यात जास्त घोळ घालणारा भाग आहे. साधारण रीत अशी की काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांच्यासकट एक अक्षर एका घरात. जोडाक्षरही एकाच घरात. म्हणजे "क्षमा" दोन घरांचा, "परवाना" चार घरांचा. पण पुढचे दोन प्रश्न कोडं करणाऱ्याने सांगितलेले नसतील तर गटाने आपापसात ठरवून घ्यावेत:

- आडवा आणि उभा शब्द एकमेकांना छेदतात तिथे "कि" आणि "की" चालतात, की वेलांटी तंतोतंत जुळायलाच हवी?
- अक्षरांची अदलाबदल करताना काना-मात्रा अक्षराला चिकटून राहते, की सुटी होते? "वानर" आणि "नवरा" घ्या. दोन्हींत न, व, र आणि एक काना. काना सुटा मानला तर एकातून दुसरा निघतो. अक्षराला चिकटलेला मानला तर वा-न-र मधून न-व-रा कधीच निघणार नाही. मला दुसरी रीत जास्त न्याय्य वाटते, आणि सांगितलेलं नसेल तर तीच धरून चालावं.

लेखनिक नेमा. चौकटीत अक्षरं भरण्याचं काम एकाच माणसाचं. बाकीचे सुचवतील, भांडतील, उकल लिहितील, पण चौकटीला हात एकच लावेल. मोठं कोडं असेल तर तासाने लेखनिक बदला, कारण त्याला स्वतःला सोडवायला फार कमी वेळ मिळतो.

> सावधान: कोडं बक्षिसाचं असेल तर गटाने सोडवलेलं चालतं का हे आधी वाचा. मुदत संपेपर्यंत उत्तरं गटाबाहेर जाऊ देऊ नका.

## टप्पा २: सामायिक तक्ता

गूगल शीट्ससारखा कोणताही सामायिक तक्ता चालतो. तीन पानं करा.

पहिलं पान: चौकट. ओळींची उंची आणि रकान्यांची रुंदी सारखी करून घरं चौरस करा, बंद घरं काळी करा. घराच्या कोपऱ्यात बारीक क्रमांक घालण्याची सोय या तक्त्यांत नीटशी नसते. क्रमांक घरातच लिहिला तर अक्षर भरताना तो पुसला जातो आणि पुढे कोणतं घर कोणत्या सूत्राचं हे कळेनासं होतं. म्हणून शेजारी-शेजारी दोन चौकटी करा: डावीत फक्त क्रमांक, उजवीत फक्त अक्षरं. डावीकडची कुलूपबंद करून टाका. पाच मिनिटं जास्त जातात, पण नंतरचे सगळे वाद वाचतात.

दुसरं पान: सूत्रं. रकाने असे: क्रमांक, सूत्र, अक्षरसंख्या, मिळालेली अक्षरं, उत्तर, उकल, स्थिती. स्थितीत तीनच शब्द: *रिकामं, कच्चं, पक्कं.*

सूत्र जसंच्या तसं टाइप करा, विरामचिन्हांसकट. "साधारण हाच अर्थ" असं चालत नाही. एखादा अनुस्वार गळला किंवा "एक" चं "एका" झालं तर त्यात दडलेला शब्दच नाहीसा होतो. फोटोवरून उतरवताना घ-ध, भ-म, प-ष या जोड्या हमखास चुकतात. फोनचा कळफलक स्वतःहून शब्द सुधारत असेल तर ती सोय तेवढ्यापुरती बंद ठेवा.

तिसरं पान: तुकडे. हे बहुतेक गट करतच नाहीत आणि मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं. कोडं करणारा मोठा शब्द छोट्या तुकड्यांतून जुळवतो आणि ते तुकडे पुन्हा पुन्हा तेच असतात. यादी करायला घ्या:

- नकार: न, ना, नको
- प्रश्न: का, काय
- सूर: सा, रे, ग, म, प, ध, नी
- हात: कर, हस्त
- पाय: पद, चरण
- पाणी: जल, नीर, पय
- दिवस: वार, दिन
- सूर्य: रवी, भानू, अर्क, मित्र
- युद्ध: रण, समर
- आज्ञा: कर, जा, ये, दे

सूत्रात "मित्र" दिसला तर तो दोस्तच असेल असं नाही, सूर्यही असू शकतो. "कर" तर हात, सरकारी देणं आणि आज्ञा असं तिन्ही होतो. यादी समोर असली की गटातल्या नव्या माणसालाही लगेच हात घालता येतो.

> तपासा: अक्षरं मोजायला तक्त्यातलं लांबी मोजणारं फंक्शन वापरू नका. संगणक काना, मात्रा आणि पाय मोडल्याची खूणही वेगळी मोजतो. त्याच्या लेखी "परवाना" ची लांबी ६ आणि "क्षमा" ची ५ येते. बोटावर मोजा.

## टप्पा ३: पंधरा मिनिटं गप्प

तक्ता तयार झाला की बोलायला सुरुवात करायची नाही. प्रत्येकाने सगळी सूत्रं एकदा एकट्याने वाचायची.

याचं कारण साधं आहे. गटात पहिलं सुचलेलं उत्तर फार जोरकस ठरतं. कोणी "हे नक्की अमुक असणार" म्हटलं की बाकीच्यांचं डोकं त्याच वाटेने धावतं. गूढ सूत्राची तर रचनाच वाचणाऱ्याला चुकीच्या वाटेला लावण्यासाठी केलेली असते. पाच जण वेगवेगळ्या बाजूंनी वाचतात तेव्हा त्यातल्या एकाला तरी खरी वाट दिसते. पाचही जण एकाच वाटेला लागले तर गट असून एकट्यासारखीच गत.

या पंधरा मिनिटांत प्रत्येकाने सूत्रासमोर एवढंच लिहायचं: व्याख्या कोणत्या टोकाला वाटते आणि खुणेचा शब्द कोणता वाटतो. उत्तर सुचलं तर आपल्याजवळ ठेवायचं.

## टप्पा ४: सूत्र फोडणं

नीट केलेल्या सूत्रात व्याख्या सुरुवातीला किंवा शेवटी असते, मधे नसते. म्हणून पहिलं काम दोन्ही टोकं तपासण्याचं. मग उरलेल्या भागात खूण शोधायची. मुख्य वाटा पुढे दिल्या आहेत. सूत्रं मुद्दाम सोपी ठेवली आहेत.

जोड. *का युद्धाला लागतं निमित्त? (३)* वाचताना हा तात्त्विक प्रश्न वाटतो. खरं तर "का" जसाच्या तसा उचलायचा, युद्ध म्हणजे रण. का + रण = कारण, म्हणजे निमित्त. वाक्याचा वरवरचा अर्थ विसरता येणं हीच इथली खरी सवय.

दडलेला शब्द. *एक मळका रुमाल, त्यात दडलंय फूल (३)* "एक मळका" मधे कमळ आहे. दोन शब्दांमधली मोकळी जागा नाही असं समजून वाचा. खुणा: दडलंय, आत, त्यातलं, थोडंसं.

उलट. *जग उलथलं तरी हत्ती (२)* जग उलटं वाचलं की गज. आडव्या सूत्रात "मागे वळला", "परतला" अशा खुणा येतात. उभ्या सूत्रात त्याच कामाला "वर चढला", "खालून वर" हेही येतं, कारण शब्द तिथे वरून खाली लिहिला जातो. हे लक्षात न घेतल्याने अनेक उभी सूत्रं अडतात.

अदलाबदल. *पालक बिथरले, सरकली कवटी (३)* पा-ल-क ची अक्षरं हलवली की क-पा-ल. कपाल म्हणजे कवटी. खुणा: बिथरले, विस्कटलं, गोंधळ, मोडतोड, नव्याने मांडलं.

पोटात घेणं. *घारीने गिळला गवताचा शेंडा नि झालं पाण्याचं भांडं (३)* गवताचा शेंडा म्हणजे पहिलं अक्षर "ग". घार या शब्दाने तो गिळला: घा-ग-र. खुणा: गिळला, मिठीत, वेढलेला, मधोमध.

वगळणं. *बिनडोक पगार पडला थंड (२)* पगाराचं पहिलं अक्षर काढा: गार. "बिनडोक" म्हणजे पहिलं अक्षर नाही, "बिनबुडाचा" किंवा "शेपूट तुटलेला" म्हणजे शेवटचं नाही.

आद्याक्षरं. *नवख्या गल्लीत रस्त्यांच्या सुरुवातीला सापडलं शहर (३)* न, ग, र: नगर.

दुहेरी अर्थ. यात कारागिरी नसतेच, दोन व्याख्या शेजारी-शेजारी असतात. *डोक्याखालचा आदर (२)* म्हणजे मान. सूत्र फारच छोटं असेल आणि त्यात खूण दिसत नसेल तर आधी हीच शंका घ्या.

> सावधान: एकच खूण दोन कामांची असू शकते. "फिरला" म्हणजे उलट वाचा असंही होईल, अक्षरं हलवा असंही. "पोटात" म्हणजे दडलेला शब्दही असेल किंवा एकाच्या आत दुसरा घालायचा असेल. पहिला अर्थ लागू पडला नाही तर खूण सोडू नका, तिचा दुसरा अर्थ लावून बघा.

## टप्पा ५: कोणतं सूत्र आधी

एक आडव्यापासून क्रमाने जाऊ नका. हा क्रम जास्त उपयोगी पडतो:

१. दडलेल्या शब्दांची सूत्रं. उत्तर समोर लिहिलेलंच असतं, त्यामुळे चुकण्याची शक्यता सगळ्यात कमी. अक्षरंही पक्की मिळतात.

२. अदलाबदल. अक्षरं हातात असतात. तीन अक्षरांची मांडणी फक्त सहा प्रकारे होते, चारांची चोवीस. सहा तर कागदावर लिहूनच काढा.

३. ज्यांची अक्षरं पुष्कळ शब्दांना छेदतात ती लांब उत्तरं. एक सुटलं की सात-आठ सूत्रांना आधार मिळतो.

४. दोन अक्षरी उत्तरं शेवटी. छोटी म्हणून सगळे त्यांच्यावरच आधी तुटून पडतात. पण दोन अक्षरांत बसणारे शब्द अगणित असतात आणि चुकीचंही उत्तर अगदी बरोबर वाटतं.

कामाची वाटणी करताना "तू आडवी घे, मी उभी घेतो" असं करू नका. आडवं नि उभं एकमेकांची परीक्षा घेतात आणि ती एकाच नजरेसमोर व्हायला हवी. चौकटीचे कोपरे वाटून घ्या.

## टप्पा ६: मांडणं, तपासणं, पक्कं करणं

गाडी खरी रुतते ती इथे, म्हणून जरा सविस्तर.

आमच्या एका बैठकीत हे सूत्र होतं: *दोन दिवसांपूर्वी नकार, आता अधिकृत मुभा (४)*. एकाने लगेच सांगितलं, "अनुमती". अ-नु-म-ती, अक्षरं चार, अर्थ मुभा. लेखनिकाने भरून टाकलं. त्याच्या शेवटच्या घरातून खाली दोन अक्षरी शब्द सुरू होत होता: *पलीकडे जायला हवी, हाक मारायला हवं (२)*. आता पहिलं अक्षर "ती" मिळालेलं. दुसरी म्हणाली, "तीर. पलीकडचा तीर!" तेही भरलं. दोन्ही उत्तरं एकमेकांच्या टेकूने उभी राहिली आणि दोन्ही बरोबर आहेत अशी सगळ्यांची खात्री झाली.

पाऊण तास तो कोपरा पुढे सरकला नाही. "नु" असलेला उभा शब्द काही केल्या सापडेना. शेवटी गटातल्या सर्वांत शांत माणसाने विचारलं, "अनुमती ठीक आहे, पण सूत्रातले *दोन दिवसांपूर्वी* आणि *नकार* कुठे गेले?" त्यांना उत्तरात कामच नव्हतं. मग उलगडलं: दोन दिवसांपूर्वी म्हणजे परवा, नकार म्हणजे ना. परवा + ना = परवाना. खालच्या शब्दाला आता "ना" मिळाला आणि तोही सुटला: नाव. पलीकडे जायला *ती* नाव हवी, हाक मारायला *ते* नाव हवं. "हवी" आणि "हवं" यांतला लिंगभेद पहिल्यापासून समोर होता.

त्या दिवसानंतर आम्ही ठरवलेली पद्धत अशी:

अ. उत्तर एकाच साच्यात मांडायचं. क्रमांक, उत्तर, उकल, व्याख्या. उदाहरणार्थ: *७ आडवं: परवाना. परवा (दोन दिवसांपूर्वी) + ना (नकार). व्याख्या: अधिकृत मुभा.* एवढं लिहायला अर्धं मिनिट लागतं.

आ. दुसऱ्याने होकार द्यायचा. ज्याने उत्तर दिलं त्याने स्वतः पक्कं म्हणायचं नाही. दुसऱ्याने उकल वाचून एकच प्रश्न विचारायचा: सूत्रातल्या प्रत्येक शब्दाला काम मिळालं का? "आता", "नि झालं", "तरी" असे जोडणारे शब्द सोडले तर एकही शब्द बेकार उरता कामा नये. उरला, तर उत्तर कच्चं.

इ. कच्चं उत्तर वेगळ्या रंगात. चौकटीत कच्ची अक्षरं राखाडी, पक्की काळी. कच्च्या अक्षराच्या भरवशावर सुटलेलं उत्तरही कच्चंच राहतं, त्याची स्वतःची उकल पूर्ण झाल्याशिवाय.

ई. टेकू लिहून ठेवायचा. "तीर" समोर "ती हे ७ आडव्यावरून" एवढी नोंद असती, तर अनुमती काढताना तीर आपोआप निघाला असता. चुकीचं उत्तर काढलं की त्याच्यावर टेकलेली सगळी उत्तरं पुन्हा तपासायला घ्या.

कधी कधी छेदणारी अक्षरं जुळतात, व्याख्या जुळते, पण कारागिरी कळत नाही. असं उत्तर फेकून देऊ नका. स्थितीत "कच्चं" आणि उकलीच्या रकान्यात प्रश्नचिन्ह ठेवून पुढे जा. कोणाला तरी नंतर दिसतं.

> तपासा: कॉलवर बोलताना अक्षर नुसतं उच्चारू नका. न-ण, ल-ळ, श-ष कानाला सारखे लागतात. "बाणातला ण", "पोटफोड्या ष", "पहिली वेलांटी", "दुसरी वेलांटी" असं शाळेतल्यासारखं सांगा. लेखनिकाने लिहून परत वाचून दाखवावं.

## टप्पा ७: अडल्यावर

सगळ्यांनी मिळून एकाच सूत्राकडे टक लावून बसणं सर्वांत निष्फळ. त्याऐवजी या क्रमाने जा.

सूत्रं बदलून घ्या. ज्याने ज्या सूत्रावर दहा मिनिटं घालवली ते त्याने दुसऱ्याला द्यायचं, आणि देताना आपले अंदाज सांगायचे नाहीत.

दुसरं टोक धरा. व्याख्या शेवटी आहे असं मानून चाललो होतो का? सुरुवातीला मानून बघा. अडलेल्या सूत्रांत हे फार वेळा लागू पडतं.

मोठ्याने वाचा, पण तोडून. विरामचिन्हं फसवी असतात. स्वल्पविराम जिथे आहे तिथेच सूत्राचे दोन भाग पडतात असं नाही.

शब्दाचा प्रकार बघा. व्याख्या नाम असेल तर उत्तर नाम, क्रियापद असेल तर क्रियापद. लिंग आणि वचन सुद्धा बघा. "हवी" नि "हवं" आठवा.

मग कोश उघडा. बृहद्कोशावर अनेक मराठी कोश एकत्र शोधता येतात. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहेत. मात्र मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे. तिथे "नांव" अनुस्वारासह मिळेल, "मति" ऱ्हस्व मिळेल. आज आपण शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितो, म्हणून शोधताना दोन्ही रूपं घालून बघा. कोशात शब्द सापडला म्हणजे उत्तर सापडलं असं नाही, उकल हवीच.

चॅटबॉटला विचारायचं का, हे गटाने ठरवावं. विचारलंत तर त्याच्या उत्तरालाही हाच नियम: अक्षरं बोटावर मोजा आणि प्रत्येक शब्दाला काम मिळालं का ते बघा. मराठी अक्षरसंख्येत तो अगदी ठामपणे चुकू शकतो.

> सावधान: गटात नव्याने आलेल्याला थेट उत्तर सांगून टाकू नका. आधी "व्याख्या सुरुवातीला आहे" एवढंच सांगा. मग खूण कोणती ते. मग एक तुकडा. तीन पायऱ्यांनंतरही अडलं तर उत्तर.

## टप्पा ८: शेवटची फेरी

चौकट भरली की काम संपलं असं वाटतं, आणि घाईत पाठवलेल्या कोड्यांत याच वेळी चुका राहतात. लेखनिक सोडून दुसऱ्या कोणीतरी एक आडव्यापासून शेवटच्या उभ्यापर्यंत प्रत्येक सूत्र, उत्तर आणि उकल वाचावी. बघायचं ते असं: एकच शब्द चौकटीत दोनदा आलाय का, छेदाच्या घरात दोन्ही शब्दांची वेलांटी ठरल्याप्रमाणे जुळते का, कुठे प्रश्नचिन्ह उरलंय का, आणि सूत्रांच्या पानावरचं उत्तर नि चौकटीतलं उत्तर तेच आहे का. शेवटचं विशेष करून बघा. उत्तर बदलतं तेव्हा एका पानावर बदलून दुसऱ्यावर राहून जाणं फार सोपं आहे. चौकटीत कोणी चुकून काही पुसलं असेल तर तक्त्याच्या जुन्या आवृत्त्या उघडून ते परत आणता येतं.

एखाद्या सूत्राची दोन उत्तरं खरोखरच बसत असतील, दोन्हींची उकल पूर्ण होत असेल आणि छेदणारी अक्षरंही निवाडा करत नसतील, तर कोडं करणाऱ्याला कळवा. "तुमचं सूत्र चुकलंय" असं लिहू नका. क्रमांक, सूत्र, दोन्ही उत्तरं आणि दोन्हींच्या उकली एवढंच पाठवा. मनापासून कोडं करणाऱ्याला असं पत्र हवंच असतं.

तक्ता मिटण्याआधी या कोड्यात नव्याने भेटलेले तुकडे आणि खुणा तिसऱ्या पानावर उतरवा आणि ते पान पुढच्या कोड्याच्या तक्त्यात नकलून ठेवा.